शुगर बॉर्डरवर आहे का? वस्तीतली तपासणी नीट कशी करावी

गणेश मंडळ, हाउसिंग सोसायटी, ग्रामपंचायत, कारखान्याचं गेट, मधुमेह तपासणी शिबिर आता कुठेही भरतं. पद्धतही ठरलेली असते. दहाला मंडप, अकरापर्यंत दीपप्रज्वलन, मग रांग, बोटाला टोचणं आणि हातात एक चिठ्ठी: १३२. हा १३२ उपाशीपोटीचा असेल तर मधुमेहाचा दाट संशय घ्यावा लागतो. पोहे खाऊन तासाभराने आलेला असेल तर त्यात काळजीचं काही नाही. चिठ्ठीवर मात्र वेळही नसते आणि शेवटचं खाणंही नसतं. माणूस एकतर उगाच घाबरतो, नाहीतर उगाच निर्धास्त होतो.

म्हणून शिबिराचे दोन भाग करावेत, असं आमचं स्पष्ट मत आहे. पहिल्या दिवशी फक्त प्रश्न आणि मोजमाप. रक्त अजिबात नाही. त्यातून ज्यांचा धोका जास्त निघेल, त्यांचं रक्त दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी, शिरेतून. उद्घाटनाला याचा फोटो चांगला येत नाही, पण त्याच पैशांत जास्त माणसं हाती लागतात.

कोणाला बोलवायचं, कोणाला नाही

तीस वर्षं पूर्ण झालेले सगळे स्त्री-पुरुष. सरकारी असंसर्गजन्य आजार कार्यक्रमातही हीच मर्यादा आहे. आशाताई घरोघरी जो फॉर्म भरतात तो तिशीपुढच्यांचाच असतो आणि त्यात चारपेक्षा जास्त गुण आले की त्या व्यक्तीला तपासणीत प्राधान्य मिळतं. तुमच्या भागात तो फॉर्म आधीच भरलेला असेल तर आशाताईंना सोबत घ्या.

तिशीच्या आतलेही काहीजण बोलवायला हवेत. गरोदरपणात शुगर वाढलेली स्त्री, पीसीओएस (पाळी बिघडवणारा हार्मोनचा विकार) असलेली मुलगी, आईवडील किंवा सख्ख्या भावंडांना मधुमेह असून वजन जास्त असलेला तरुण, मानेच्या मागे किंवा काखेत काळसर, जाडसर, मखमली कातडी दिसणारी कोणतीही व्यक्ती. मानेवरचा हा काळा पट्टा घासून जात नाही. तो मळ नसतो, इन्सुलिनला शरीर दाद देत नसल्याची ती खूण असते. हे सांगितल्यावर काहींच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव दिसतो, कारण वर्षानुवर्षं त्यांना घरी त्यावरून बोलणी खावी लागलेली असतात.

ज्यांना मधुमेह असल्याचं आधीच माहीत आहे, त्यांची रांग वेगळी ठेवा. त्यांना डॉक्टरांचा सल्ला हवा असतो, ही चाळणी त्यांच्यासाठी नाही. गरोदर स्त्रियांची तपासणी वेगळ्या पद्धतीने होते, त्यांना आरोग्य केंद्रात पाठवा. नुकताच ताप येऊन गेलेला, ऑपरेशन झालेलं, गुडघ्यात किंवा खांद्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलेलं असेल तर काही आठवडे थांबलेलं बरं. त्या दिवसांत शुगर तात्पुरती चढते.

आणि एक चूक सर्रास होते: सडपातळ माणसाला रांगेतून परत पाठवणं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, तंतोतंत सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. आपल्याकडे वजनाचा काटा फसवतो तो असा. म्हणूनच भारतीयांसाठी बीएमआय २३ पासूनच वजन जास्त धरतात. काट्यापेक्षा टेपपट्टी जास्त कामाची.

कंबर मोजणं वाटतं तितकं सोपं नाही

टेप ताणली न जाणारी हवी. शिंप्याची जुनी, लोंबलेली टेप नको. ती एक-दोन सेंटिमीटर सहज खाते. जागा नेमकी शोधा: शेवटच्या बरगडीची खालची कड आणि कमरेच्या हाडाची वरची कड, या दोन्हींच्या बरोबर मध्ये. दोन्ही बाजूंना बोटाने चाचपून पेनने खूण केली तर टेप तिरकी जात नाही. बेंबीच्या रेषेत मोजायची सवय अनेकांना असते, पण पोट लोंबत असेल तर बेंबीही खाली उतरलेली असते आणि आकडा चुकतो.

पाय जवळ, हात सैल, नजर समोर. "पोट आत घेऊ नका" असं सांगितलं की लोक हमखास आत घेतात. त्याऐवजी बोलतं करा, नाव-गाव विचारा आणि श्वास सहज बाहेर सुटला की आकडा वाचा. टेप त्वचेला टेकलेली हवी, रुतलेली नको.

साडीवरून मोजलेली कंबर ही कंबर नसते. निऱ्या, परकराची नाडी आणि खोचलेला पदर मिळून तीन-चार सेंटिमीटर सहज वाढतात, आणि इथे दहा सेंटिमीटरला दहा गुण आहेत. बायकांसाठी पडदा लावलेली वेगळी जागा आणि मोजायला बाईच हवी. "काकू, परकर जरा खाली सरकवते" एवढं विचारून मग मोजावं. पुरुषांचा पट्टा सोडवा, खिशातला मोबाइल काढून ठेवायला सांगा. दोनदा मोजा, दोन आकड्यांत एक सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा मोजा.

चार प्रश्नांचा गुणांक

चेन्नईच्या मद्रास डायबिटीस रिसर्च फाउंडेशनचे डॉ. व्ही. मोहन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये 'इंडियन डायबिटीस रिस्क स्कोअर' मांडला. तो भारतीय माणसांच्या आकडेवारीवरूनच बेतलेला आहे आणि त्याला रक्त लागत नाही. एकूण गुण १००.

वय: ३५ च्या आत ०, ३५ ते ४९ ला २०, पन्नास आणि पुढे ३०.
कंबर, स्त्रिया: ८० सेंमीच्या आत ०, ८० ते ८९ ला १०, नव्वद आणि पुढे २०.
कंबर, पुरुष: ९० च्या आत ०, ९० ते ९९ ला १०, शंभर आणि पुढे २०.
हालचाल: कष्टाचं काम किंवा दमवणारा नियमित व्यायाम ०, मध्यम १०, हलका २०, बैठं काम आणि व्यायाम शून्य ३०.
आईवडील: दोघांनाही मधुमेह नाही ०, एकाला १०, दोघांना २०.

६० किंवा जास्त आले तर धोका जास्त. ३० ते ५० मध्यम. ३० च्या आत कमी.

बेरीज पोरंही करतील. गडबड होते ती हालचालीच्या प्रश्नात. समजा बेचाळीस वर्षांची स्त्री आहे, कंबर ८६, आईला मधुमेह. वयाचे २०, कमरेचे १०, आईचे १०, असे चाळीस झाले. आता ती म्हणते, "घरकाम करतेच की दिवसभर." हे मध्यम धरलं तर ५०, हलकं धरलं तर ६०. एका खुणेवर तिचं रक्त तपासायचं की नाही हे ठरतं. म्हणून "व्यायाम करता का?" असा प्रश्न विचारूच नका. कालचा दिवस विचारा: पाणी कुठून आणलं, कपडे हाताने की मशीनमध्ये, किती जिने, बाजारात चालत की गाडीवर, सलग किती वेळ धाप लागेल असं काम झालं. शेतमजूर, हमाल, गवंड्याच्या हाताखाली काम करणारी बाई यांना शून्य. शेत आहे पण बांधावर उभं राहून माणसांकडून काम करून घेणाऱ्याला शून्य नाही, तो कितीही शेतकरी म्हणवला तरी.

आईवडिलांबद्दलही खोदून विचारावं लागतं. मागच्या पिढीत अनेकांची शुगर कधी तपासलीच गेली नाही. "त्यांना काही नव्हतं" असं उत्तर आलं तर पायाची जखम बरी न होणं, बोट कापावं लागणं, डायलिसिस यातलं काही होतं का विचारा. गुण मात्र माहीत असलेल्या मधुमेहालाच द्या. बाकीचं शेऱ्यात लिहा.

या गुणांकाच्या मर्यादाही पाहून ठेवा. मूळ अभ्यासात ६० च्या रेषेवर, निदान न झालेल्या मधुमेहींपैकी ७२.५ टक्के सापडले. म्हणजे साधारण चारातला एक निसटला. म्हणून रेषा ६० वर ठेवली तरी गरोदरपणातली शुगर, पीसीओएस, मानेवरचा पट्टा, रक्तदाब किंवा दीर्घकाळ स्टेरॉइड यांपैकी काही असेल तर गुण कितीही असोत, रक्ताला बोलवा. ज्याला खूप तहान, वारंवार लघवी, कारण नसताना वजन उतरणं असा त्रास आहे, त्याचा तर गुणांक काढत बसू नका. त्याच दिवशी शुगर बघा.

गोव्यात किंवा सिंधुदुर्गात शिबिर असेल तर मध्यम गटालाही रक्ताला बोलवावं असं आम्ही म्हणू. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी मधुमेह पाहणीत देशात मधुमेहाचं प्रमाण ११.४ टक्के आणि त्याच्या आधीच्या पायरीवरचे १५.३ टक्के निघाले. राज्यांत गोवा सर्वांत वर, २६.४ टक्के.

रक्ताच्या आदल्या दिवशी काय सांगायचं

रात्री जेवण नेहमीसारखं, आठ-नऊपर्यंत. त्यानंतर फक्त पाणी. सकाळी चहा नाही, बिनसाखरेचाही नाही. तंबाखू, मिश्री, बिडी नाही. कमीत कमी आठ तास आणि जास्तीत जास्त चौदा. तपासणीचा दिवस एकादशी, संकष्टी, श्रावणी सोमवार किंवा नवरात्रात ठेवू नका. साबुदाण्याची खिचडी आणि केळं खाऊन "आज उपासच आहे" म्हणत माणसं फास्टिंगच्या रांगेत उभी राहतात आणि त्यांचं काही चुकतंय असं त्यांना वाटतही नाही. सकाळी टेबलावर बसणाऱ्याने "उपाशी आहात ना?" विचारू नये; "उठल्यापासून तोंडात काय काय गेलं?" विचारावं. उत्तरात निम्म्या वेळा चहा निघतो.

कोणती तपासणी

सर्वांत जास्त सांगून जाते ती ग्लुकोज पाजून केलेली तपासणी. उपाशीपोटी रक्त, मग ७५ ग्रॅम निर्जल ग्लुकोज २५० ते ३०० मिली पाण्यात, पाच मिनिटांत संपवायचं आणि पहिल्या घोटापासून बरोबर दोन तासांनी पुन्हा रक्त. नुसत्या फास्टिंगवर थांबलं तर ज्यांची शुगर खाल्ल्यावरच चढते ते लोक सुटतात.

यात चुकतं ते असं. केमिस्टकडे मिळणारं ग्लुकोज बहुतेकदा मोनोहायड्रेट, म्हणजे पाण्याचा अंश असलेलं असतं. ते असेल तर ७५ ऐवजी ८२.५ ग्रॅम घ्यावं लागतं. डब्यावर वाचा आणि काट्यावर तोला, चमच्याने नको. संत्र्याच्या चवीची एनर्जी पावडर चालत नाही, तिच्यात शुद्ध ग्लुकोजशिवाय इतरही असतं. घड्याळ पहिल्या घोटाला लावायचं, शेवटच्या नाही. दोन तास बसून राहायचं. "घरी जाऊन डबा करून येते" म्हणणारी बाई चालून आली की आकडा खाली येतो. उलटी झाली तर तपासणी रद्द, दुसऱ्या दिवशी. आधीचे तीन दिवस भात-पोळी-भाकरी सोडलेली असेल तर दोन तासांचा आकडा खोटा चढतो, म्हणून "तपासणी आहे म्हणून आठवडाभर भात बंद केला" अशांनी नेहमीचं खाऊन मग यावं. थंड पाण्यात लिंबाचे चार थेंब टाकले तर मळमळ कमी होते.

ग्लुकोज पाजण्याआधी ग्लुकोमीटरवर फास्टिंग बघा. १२६ किंवा जास्त असेल तर ग्लुकोज देऊ नका. शिरेतून रक्त घेऊन ते प्रयोगशाळेत पाठवा आणि व्यक्तीला डॉक्टरांकडे द्या.

लॅबमध्ये जे 'पीपी' करतात, म्हणजे घरी जेवून दोन तासांनी येणं, ते मधुमेह्याची शुगर ताब्यात आहे का हे बघायला ठीक आहे. निदानाचे १४० आणि २०० हे आकडे मात्र ७५ ग्रॅम ग्लुकोजसाठी बांधलेले आहेत. अर्धी भाकरी खाल्लेल्याचा आणि पुरणपोळी खाल्लेल्याचा पीपी एका मापाने वाचता येत नाही.

मोठ्या गटाला दोन तास बसवणं जमत नसेल तर फास्टिंग आणि एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी तपासणी) अशी जोडी घ्या. एचबीएवनसीला उपाशी राहावं लागत नाही, पण तिलाही खोड आहे. लोहाच्या कमतरतेने रक्त कमी असेल तर ती खोटी वाढते, आणि आपल्याकडे बायकांत हे सर्रास असतं. सिकलसेल, थॅलेसेमिया असे रक्ताचे आजार, नुकतंच रक्त चढवलेलं, मूत्रपिंडाचा आजार, गरोदरपण, या सगळ्यांत तिच्यावर भरवसा नको. विदर्भात आणि नंदुरबार, गडचिरोलीच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल आहे. तिथे ग्लुकोजच्याच तपासण्या कराव्यात.

नळी आणि घड्याळ

शुगरसाठी राखाडी झाकणाची फ्लोराइडची नळी, एचबीएवनसीसाठी जांभळ्या झाकणाची. रक्त भरल्यावर नळी हलकेच आठ-दहा वेळा उलटीसुलटी करा, हलवून खळखळवू नका. साध्या नळीत रक्तपेशी शुगर खात राहतात. तासाला साधारण ५ ते ७ टक्के उतरते. फ्लोराइडही लगेच लागू पडत नाही, पहिला तास-दोन तास घट चालूच राहते. म्हणून नळ्या बर्फाच्या डब्यात आणि शक्य तितक्या लवकर लॅबमध्ये. सकाळी सातला घेतलेलं रक्त मंडपात उन्हात ठेवून दुपारी एकला पोचलं, तर ११० चे ९० होऊन येतात आणि नेमका काठावरचाच माणूस 'नॉर्मल' ठरतो.

ग्लुकोमीटर वापरायचाच असेल तर

तो चाळणीसाठी, निदानासाठी नाही. मान्य आंतरराष्ट्रीय मानकातही १०० च्या वर १५ टक्के इकडे-तिकडे चालतं. म्हणजे खरी शुगर ११० असेल तर मीटर ९४ ही दाखवू शकतो आणि १२६ ही. काठावरच्या माणसाला एवढा फरक म्हणजे तिन्ही गट. सरकारी कार्यक्रमात रँडम, म्हणजे केव्हाही घेतलेली शुगर १४० किंवा जास्त आली तर पुढच्या तपासणीला पाठवतात. तीच रेषा तुम्हीही धरा.

हात साबणाने धुऊन कोरडे करायला लावा. आंब्याच्या दिवसांत, प्रसादाचा पेढा खाल्लेल्या बोटाला नुसतं स्पिरिट लावून टोचलं तर आकडा थक्क करणारा येतो. स्पिरिट वापरलंच तर पूर्ण वाळू द्या. बोटाच्या कडेला टोचा, पहिला थेंब पुसा, दुसरा घ्या, बोट पिळू नका. स्ट्रिपची बाटली काढताक्षणी बंद करायची. कोकणातल्या पावसाळ्यात उघडी राहिलेली बाटली दिवसभरात बिघडते. उघडल्याची तारीख बाटलीवर लिहा. एका माणसाला एकच लॅन्सेट (टोचायची सुई), आणि पेनसारखं टोचणयंत्र सगळ्यांना मिळून वापरायचं नाही. काविळीचा विषाणू त्यातून पसरतो. वापरलेली लॅन्सेट आणि सुया पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात, रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत. हे सगळं ज्या दवाखान्याशी बोलणं झालंय तिथे परत जाईल हे आधी ठरवा. कचराकुंडीत नाही.

आकडा वाचताना

फास्टिंग १०० ते १२५, ग्लुकोजनंतर दोन तासांनी १४० ते १९९, किंवा एचबीएवनसी ५.७ ते ६.४: मधुमेहाच्या आधीची पायरी. फास्टिंग १२६, दोन तासांनी २००, एचबीएवनसी ६.५, यांपैकी काहीही किंवा त्यापुढे: मधुमेह. जागतिक आरोग्य संघटना फास्टिंगची खालची रेषा ११० वर धरते, त्यामुळे एखाद्या लॅबच्या छापील कागदावर १०५ पुढे 'नॉर्मल' लिहिलेलं दिसेल. शिबिराने एकच रेषा ठरवून चिठ्ठीवर छापावी.

त्रास काही नसेल तर एका आकड्यावर मधुमेहाचा शिक्का मारायचा नाही. एकाच दिवशी दोन वेगळ्या तपासण्या रेषेपलीकडे आल्या तर चालतं, नाहीतर पुन्हा रक्त. शुगर ३०० च्या वर आणि सोबत उलट्या, धाप, ग्लानी असेल तर चिठ्ठी-बिठ्ठी काही नाही, थेट रुग्णालय.

निकाल माइकवरून पुकारू नका. लग्नाच्या बोलणीत शुगर लपवणाऱ्या समाजात राहतो आपण. चिठ्ठी हातात, दोन मिनिटं बाजूला बसवून.

त्या दोन मिनिटांत काय सांगायचं

'बॉर्डरवर आहे' एवढंच सांगितलं तर माणूस ते 'काही नाही' असं ऐकतो. त्याला चेन्नईचा आकडा सांगा. डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने या पायरीवरच्या ५३१ जणांना तीन वर्षं पाहिलं, २००६ मध्ये निष्कर्ष छापले. काहीच न करणाऱ्या गटात शंभरातल्या ५५ जणांना मधुमेह झाला. खाणं-चालणं बदललेल्यांत ३९ जणांना. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीनेही जवळपास तेवढंच साधलं, आणि दोन्ही एकत्र करून जास्त काही मिळालं नाही. गोळी द्यायची की नाही हे डॉक्टर ठरवतील; मेडिकलवाल्याकडून परस्पर नको.

मग त्याच्याच आकड्यांत बोला. वजन ७० किलो असेल तर उद्दिष्ट साडेतीन ते पाच किलो, वीस नाही. आठवड्याला १५० मिनिटं झपझप चालणं. दिवसाला चार कप चहा आणि प्रत्येकी दोन चमचे साखर म्हणजे सुमारे ४० ग्रॅम. सुरुवात तिथून करा. गूळ घातला तरी शुगरच्या हिशोबात फरक पडत नाही. ताटात भाताआधी भाजी आणि उसळ वाढायला सांगा. गुणांकाचा कागद पुन्हा समोर धरा: वय आणि आईवडील यांचे ५० गुण बदलत नाहीत, कंबर आणि हालचालीचे ५० बदलतात.

रजिस्टरला शेवटचे तीन रकाने हवेतच: कोणत्या आरोग्य केंद्रात पाठवलं, गेले का, पुन्हा कधी. पंधरा दिवसांनी फोन करायला एका माणसाचं नाव आधीच ठरवा. काठावरच्यांची दरवर्षी तपासणी. नॉर्मल आलेल्यांची सरकारी कार्यक्रमात वर्षाला, खासगीत निदान तीन वर्षांत एकदा. गरोदरपणात शुगर वाढलेल्या स्त्रियांची यादी वेगळी काढा. बाळंतपणानंतर चार ते बारा आठवड्यांत ग्लुकोज पाजून तपासणी, आणि नंतर दर एक ते तीन वर्षांनी, आयुष्यभर. बाळाच्या लसीच्या तारखा घरात सगळ्यांना पाठ असतात, म्हणून आईची तपासणी दहा आठवड्यांच्या लसीच्या दिवशीच लावून टाका.